साष्टी बेट कसं पाहावं?

विरार लोकल भाईंदर सोडते आणि मिनिटभरात रुळांखालची जमीन संपते. खाली वसईची खाडी, मध्ये पाणजू नावाचं छोटंसं बेट, मग पुन्हा पाणी आणि पलीकडे नायगाव. ठाण्याहून कळव्याकडे निघालेली गाडीही अशीच खाडी ओलांडते आणि मानखुर्दहून वाशीकडे जाणारीही. या तिन्ही पुलांवरून रोज लाखो माणसं जातात-येतात. आपण एका बेटावरून उतरून मुख्य भूमीवर चाललो आहोत, हे मात्र त्यांतल्या फारच थोड्यांच्या गावी असतं. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, मीरा रोड, भाईंदर, घोडबंदर, ठाणे, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला ही सगळी नावं एकाच बेटावरची आहेत. ते बेट म्हणजे साष्टी.

मुंबईची सात बेटं शाळेत पाठ करून घेतली जातात. त्या सातांत साष्टी नव्हती. ती त्यांच्या उत्तरेला, त्यांच्याहून कितीतरी मोठी आणि बराच काळ वेगळ्या धन्याच्या ताब्यात होती. पुढे भराव पडले, पूल झाले, मुंबई आणि साष्टी एकमेकींना चिकटल्या. आज दोघींची मिळून जमीन सुमारे सहाशे चौरस किलोमीटर भरते आणि तिच्यावर दीड कोटीहून अधिक माणसं राहतात. (गोव्यातल्या मडगावची साष्टी वेगळी. नाव तेच, पण तो तालुका आहे.)

पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हटलं की गेटवे, राणीचा हार आणि जुहूची भेळ यांपलीकडे यजमानांची गाडी सहसा जात नाही. साष्टीला ‘उपनगर’ म्हणण्याची सवय झाल्यामुळे तिथे बघण्यासारखं काही असेल, हेच कुणाला पटत नाही. वास्तविक हजार वर्षं नांदलेला बौद्ध विहारसमूह, मराठे-पोर्तुगीज झुंजीच्या खुणा, मोकळ्या फिरणाऱ्या बिबट्यांचं जंगल आणि रोहितपक्ष्यांची खाडी एवढा ऐवज एका लोकलच्या पासात दुसरीकडे कुठे मिळत नाही. फक्त तो बेट म्हणून पाहावा लागतो. मधला डोंगर आणि भोवतीचं पाणी डोक्यात ठेवून नकाशा उघडला की कुठली लेणी कुठे का खोदली आणि कुठला किल्ला कुठे का बांधला, हे आपसूक उलगडत जातं.

डोंगर मध्ये, पाणी चौफेर

बेटाची आखणी सोपी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला ठाण्याची खाडी. उल्हास नदी ठाण्याजवळ येते, तिथे तिचा एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरतो आणि मुख्य प्रवाह पश्चिमेला वळून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. हीच बेटाची उत्तर सीमा. दक्षिणेला माहीमची खाडी आणि तिच्यात येणारी मिठी नदी. ही चौथी बाजू आता भरावाखाली जवळजवळ बुजली आहे, पण पाणी आपली वाट विसरलेलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला, कलिना, वांद्रे या पट्ट्यानं ते अनुभवलं.

बेटाच्या मधोमध काळ्या बेसॉल्टचा डोंगर उभा आहे आणि त्याचा माथा साडेचारशे मीटरच्या वर जातो. सगळ्या नद्या याच डोंगरातून निघतात: दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी. याच डोंगराच्या घळींत इंग्रजांनी बांध घातले. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये, पवई त्यानंतर. नळाचं पाणी नव्हतं तेव्हा मुंबई विहिरी-तळ्यांवर जगत होती. विहारमुळे शहराला पहिल्यांदा लांबून आणलेलं पाणी मिळालं. म्हणजे मुंबई वाढली ती साष्टीच्या पाण्यावर.

भूगोलाचा धडा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल गाठावी. वितळलेला लाव्हा थिजताना आक्रसला आणि त्याचे उभे खांब तयार झाले. असा सुमारे साठ मीटर उंचीचा एक सुटा कडा इमारतींच्या गर्दीत ताठ उभा आहे. वय सहा कोटी वर्षांच्या घरात. जगात असे खांबांचे कडे मोजकेच आहेत आणि अमेरिकेतल्या तशाच एका कड्याभोवती राष्ट्रीय स्मारक उभारलेलं आहे. इथेही १९५२ पासून संरक्षण आहे, पण पायथ्याला भिंतीला भिंत लावून घरं. खडकात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ आणि छोटी बाग लागते. खांब नीट दिसतात ते खालच्या गल्लीतून, म्हणून वर चढण्याआधी कड्याला अर्धी तरी फेरी घालावी.

सुरुवात कान्हेरीपासून

साष्टीसाठी एकच दिवस हाताशी असेल तर तो कान्हेरीला द्यावा. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे दहा-पंधरा मिनिटं चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मोठं फाटक येतं. आत शंभरहून अधिक चौरस किलोमीटर जंगल आहे. फाटकापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत. उद्यानाची बस जाते, भाड्यानं सायकली मिळतात आणि चालणाऱ्यांना सकाळचा रस्ता सुखाचा आहे, चढ मात्र शेवटी आहे. तिकिटं दोन काढावी लागतात, एक उद्यानाचं आणि दुसरं लेण्यांशी पुरातत्त्व खात्याचं. सोमवारी उद्यान बंद असतं. हे ठाऊक नसलेली दोन-चार कुटुंबं दर सोमवारी फाटकावरून परत फिरताना दिसतात.

लेणी शंभराहून अधिक आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदकाम सुरू झालं आणि अकराव्या शतकापर्यंत इथे वस्ती, पूजा, अध्ययन काही ना काही चालू होतं. इतका दीर्घ काळ जागतं राहिलेलं ठिकाण पश्चिम भारतात विरळा. कारण नकाशात आहे. एका बाजूला सोपारा, दुसऱ्या बाजूला कल्याण, खाली ठाणे आणि चौल. ही सगळी बंदरं आणि बाजारपेठा भोवताली असताना मध्ये हा डोंगर. व्यापाऱ्यांकडे पैसा होता, भिक्षूंना पावसाळ्यात आसरा हवा होता. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, नाशिकच्या दात्यांची नावं सापडतात. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं, तर कुणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी कायमची ठेव ठेवली.

तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात दोन व्यापारी भावांनी ते करवलं, असा लेख तिथेच आहे. दर्शनी भिंतीवर दात्यांच्या जोडप्यांची शिल्पं आहेत: भरगच्च दागिने, मोकळं हसू आणि उभं राहण्याचा ऐटदार ढंग. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. आत गेल्यावर बहुतेक जण थेट स्तूपाकडे जातात आणि खांबांकडे दुर्लक्ष करतात. खांबच नीट पाहावेत. पुढच्या काही खांबांना घडीव कलश आणि माथ्यावर हत्ती आहेत, बाकीचे नुसते अठपैलू आणि ओकेबोके. काम मध्येच थांबलं. पैसा संपला, कारागीर गेले की दाते, याला उत्तर नाही. पण छिन्नी कुठे थबकली ती जागा बोटानं दाखवता येते.

तिथून पुढे सगळी लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. अकरावं पाहावं: लांबलचक दालन, मधोमध दगडाचे दोन बुटके बाक, सभेला बसल्यासारखे. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वदाव्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावं तिथे कोरून ठेवली. भिंतीवर नाव कोरणाऱ्या आजच्या पर्यटकाला रखवालदार ओरडतो, आणि हजार वर्षांपूर्वीच्या पर्यटकांच्या अशाच उद्योगावर विद्वान निबंध लिहितात.

शिल्पांइतकंच पाण्याचं काम पाहण्यासारखं आहे, आणि त्याकडे हटकून दुर्लक्ष होतं. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या अंगणात खडकात कोरलेलं टाकं आहे. वरच्या उतारावर बोटभर खोल पन्हळी काढलेल्या दिसतात. पावसाचं पाणी त्यांतून धावत टाक्यात येतं. काही टाकी ऐन उन्हाळ्यातही भरलेली असतात. पावसाळ्यात गेल्यास या पन्हळी वाहताना दिसतात आणि कान्हेरीचा खरा आराखडा कळतो. मात्र शेवाळलेला खडक साबणासारखा निसरडा असतो. चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट हवेत.

माकडांबद्दल एकच सूचना. पिशवी पाठीला, खाणं पिशवीच्या तळाशी आणि प्लॅस्टिकचा आवाज करायचा नाही.

अंधेरी ते दहिसर: तीन लेणी, तीन नशिबं

कान्हेरी पाहून गोडी लागली तर दुसरा दिवस आणखी तीन लेण्यांसाठी राखावा. तिन्ही वस्तीत गुरफटलेली आहेत आणि तिन्हींची गत वेगवेगळी आहे.

अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांचं जुनं नाव कोंडिविटे. बौद्ध, एकूण १९. त्यांतलं नववं पाहण्यासाठी वाकडी वाट करून जावं. स्तूपाभोवती खडकातच गोल भिंत राखली आहे आणि तिला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. गवताच्या गोल झोपडीची दगडात नक्कल म्हणावी तशी ही रचना. अशा आराखड्याची जवळची नाती बिहारच्या बराबर डोंगरातल्या मौर्यकालीन गुंफांशी सांगितली जातात. महाराष्ट्रात ती इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाहीत.

जोगेश्वरीचं लेणं शैव आहे, सहाव्या शतकातलं. काही अभ्यासक ते घारापुरीच्याही आधीचं मानतात. चिंचोळ्या वाटेनं पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि मग एकदम प्रचंड अंधारं सभागृह उघडतं. मधोमध चौकोनी गाभारा, चारी बाजूंना दारं, भोवती खांबांची रांग. दारांवरची शिल्पं झिजली आहेत, तरी शिव-पार्वतीचा विवाह आणि सारीपाटाचा डाव ओळखता येतो. हे देऊळ आजही नांदतं आहे. गाभाऱ्यात जोगेश्वरी देवीची पूजा होते, नवरात्रात रांगा लागतात. तेव्हा फोटोसाठी जाणाऱ्यांनी नवरात्र टाळावं, आणि देवीसाठी जाणाऱ्यांनी नेमकं तेव्हाच जावं. डोक्यावर वस्ती, त्यामुळे छतातून पाणी झिरपतं. तिथल्या ओलीचा वास बाहेर आल्यावरही नाकात राहतो.

मंडपेश्वरला साष्टीचा अख्खा इतिहास एका अंगणात उभा आहे. बोरिवली आणि दहिसरच्या मधलं हे शैव लेणं. आत नटराज आहे, गण आहेत, गाभाऱ्यात शिवलिंग आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचं चर्च केलं आणि वर टेकाडावर मठ बांधला. डाव्या हाताच्या एका दालनात शिल्प तासून तिथे मोठा क्रूस कोरलेला आहे. टेकाडावर मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत. शेजारच्या आय. सी. कॉलनीचं नावही ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ या चर्चवरूनच आलेलं. सकाळी शंकराला बेल वाहिला जातो, समोरच्या मैदानात क्रिकेट चालतं आणि कोपऱ्यातला क्रूस पाहायला एखादा विद्यार्थी वही घेऊन आलेला असतो. प्रवेशाला पैसे नाहीत. अर्धा तास पुरतो, पण तो घाईचा नसावा.

कुणाची साष्टी?

एवढं पाहून झालं की धन्यांची अदलाबदल समजून घ्यावी, नाहीतर किल्ले नुसते दगड वाटतात. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी ठाण्यात होती. त्यांच्या ताम्रपटांतलं ‘श्रीस्थानक’ ते हेच. पुढच्या उलथापालथींच्या गोष्टी जुन्या मराठीत वाचायच्या असतील, तर वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादित केलेली महिकावतीची बखर आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि दोनशे वर्षं त्यांचा अंमल चालला. मुंबई बेट त्यांनी मध्येच इंग्रजांना आंदण दिलं, साष्टी दिली नाही. इंग्रजांच्या मनात ती सल राहिली.

१७३७ च्या मार्चअखेरीस चिमाजी आप्पांच्या मराठी फौजा रात्री खाडी ओलांडून साष्टीत उतरल्या. ठाण्याचा पोर्तुगीज किल्ला तेव्हा अर्धवट बांधलेला होता, तो लगेच हाती आला. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, वसई पडली आणि पोर्तुगीजांचा या भागातला कारभार आटोपला. इथल्या चर्चमधल्या घंटा देवळादेवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा त्यांतलीच.

मराठ्यांकडे साष्टी जेमतेम सदतीस वर्षं राहिली. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, पुण्यात गोंधळ माजला. पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येताहेत, अशी वार्ता आली आणि तेवढं निमित्त करून इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस, १७८२ च्या सालबाईच्या तहात, इतर बरंचसं परत मिळालं. साष्टी मात्र इंग्रजांनी सोडली नाही.

तो ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. बाहेरून तट आणि बुरूज दिसतात, तेवढ्यावर समाधान मानावं. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे याच तुरुंगातून पळाले. बाहेर घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दारानं गाणं म्हणता म्हणता सुटकेचा बेत आत पोचवला आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नसल्यानं त्यांना पत्ता लागला नाही, अशी गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते.

किल्ला बाहेरून पाहून मासुंदा तलावाकडे यावं. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. काठाशी कौपिनेश्वराचं देऊळ, जवळच जुनं चर्च, समोर गडकरी रंगायतन. भूक लागली असेल तर मामलेदारची मिसळ. मात्र ‘मध्यम’ तिखट मागवूनही घाम पुसण्याची तयारी ठेवावी.

ठाण्याला आणखी एक मान आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी इथवर आली. तो सारा प्रवास बेटांवरचाच होता. खाडीवरचा पूल होऊन गाडी मुख्य भूमीवर गेली ती पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये.

रस्त्यानं मुंबई आणि साष्टी जोडण्याचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र होडीच होती. सरकार खर्चाला तयार होईना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो खुला झाला. शेजारच्या सागरी सेतूवर टोल भरताना आवाबाईंची आठवण काढायला हरकत नाही.

किनाऱ्याचा दिवस

वांद्र्याचा किल्ला छोटा आहे. पोर्तुगीजांचा, १६४० चा. मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून १७३९ मध्ये त्याची मोडतोड झाली, म्हणून उरलंय ते थोडंच. तिथे किल्ल्यापेक्षा जागा पाहावी. माहीमच्या खाडीच्या तोंडावर हे टोक आहे. इथे तोफ ठेवणाऱ्याच्या नजरेतून एकही गलबत सुटत नव्हतं. वर माउंट मेरीचं चर्च. सप्टेंबरमधल्या जत्रेत सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन चढतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो, ज्याला घर हवंय तो मेणाचं घर.

सिनेनटांच्या बंगल्यांपुढे तिष्ठत बसण्यापेक्षा खालच्या रानवार, चिंबई आणि पाली या गावठाणांतून चालावं. लाकडी कठड्यांची ओसरी, बाहेरून चढणारा जिना, कौलं आणि वळणावळणावर क्रूस. यांतले अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले. साथीपासून राखण व्हावी म्हणून वस्तीच्या वेशीवर ते बसवले. ही घरं ईस्ट इंडियन समाजाची. नाव इंग्रजी, धर्म कॅथलिक आणि घरातली बोली मराठी. गोव्याहून आलेल्या कॅथलिकांपासून आपलं वेगळेपण दिसावं म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, हे नाव घेतलं. त्याआधी ते साष्टीचे कोळी, कुणबी, भंडारी, आगरीच होते. लग्नात उंबराचं पाणी आणतात, बायका ठेवणीतलं लुगडं नेसतात. उन्हाळ्यात दोन डझनांवर मसाले भाजून, कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरले जातात, तोच बॉटल मसाला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा होतो. बघायला जायचं तर हाच दिवस धरावा, आणि विचारल्याशिवाय कुणाच्या ओसरीचे फोटो काढू नयेत.

शेती आणि मासेमारी अजून जिथे टिकून आहे असा तुकडा हवा असेल तर मालाडहून मार्वे गाठावं आणि होडीनं मनोरीला उतरावं. दुचाकीही होडीत चढते. मनोरी, गोराई, उत्तन हा बेटाचा वायव्य कोपरा. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात आणि वासानंच गाव जवळ आल्याचं कळतं. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. आत एकही खांब न देता दगडी घुमट उभारला आहे आणि त्याखाली सुमारे ८,००० माणसं ध्यानाला बसू शकतात. बोरिवली पश्चिमेच्या गोराई खाडीवरूनही होडी आहे. त्यामुळे मार्वेहून जाऊन बोरिवलीला परतता येतं आणि एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही.

भाईंदरहून वसईला जाणारी रो-रो बोट २०२४ मध्ये सुरू झाली. वसईचा किल्ला साष्टीत नाही, पण साष्टीचा कारभार दोनशे वर्षं तिथूनच हाकला जात होता. वेळ असेल तर खाडी ओलांडून जावं, भरतीच्या वेळेनुसार फेऱ्या बदलतात हे लक्षात ठेवून. घोडबंदरचा किल्ला मात्र बेटावरच, खाडीकाठच्या टेकाडावर आहे. अरबस्तानातून येणारे घोडे इथल्या बंदरात उतरत, त्यावरून नाव. वरून खाडीचं वळण दिसतं आणि बेटाची उत्तर कड इथे सर्वात स्वच्छ कळते.

वेळ, वाहन आणि बिबटे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात सोयीचा. डोंगर हिरवा हवा असेल तर जुलै-ऑगस्ट, पण मग होडीचा कार्यक्रम रद्द धरावा. रोहितपक्षी पाहायचे तर नोव्हेंबर ते मे. ठाणे खाडीचा रोहितपक्षी अभयारण्याचा पट्टा २०१५ मध्ये घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याची रामसर यादीत नोंद झाली. बेटाच्या बाजूनं भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळून ते दिसतात, पण जवळून पाहण्यासाठी बोट लागते आणि ती ऐरोलीच्या केंद्रावरून, म्हणजे पलीकडच्या काठावरून सुटते. सुटण्याची वेळ भरतीवर ठरते, तेव्हा आधी नोंदणी करूनच जावं.

गाडी घेऊन फिरण्याचा मोह टाळावा. इथली जवळपास सगळी ठिकाणं लोकल किंवा मेट्रोच्या स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि घोडबंदर रस्त्यावर अडकलेल्याला इतिहास-भूगोल काही सुचत नाही. रविवारी निघताना मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे तेवढं आदल्या रात्री पाहून घ्यावं.

जंगलात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत. त्यांना भिऊन न जाण्याचं कारण नाही, ते माणसाला टाळतात. पण संध्याकाळ झाल्यावर उद्यानात, आरेच्या रस्त्यांवर किंवा येऊरच्या वाटांवर रेंगाळू नये. लहान मुलांना मागे एकटं सोडू नये आणि कुत्रा बरोबर नेऊ नये. माथ्याकडच्या पायवाटा वनखात्याच्या परवानगीनं आणि त्यांच्या वाटाड्यासोबतच चालता येतात. त्यांची नोंदणी उद्यानाच्या माहिती केंद्रात होते, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात.